गुरुजी गाडीखाली

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता पुरणपोळीची मोठी परात जागेवर नव्हती, तेव्हाच मी समजले की आज गाडीचं काहीतरी आहे. अंगणात आले तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि आतून स्तोत्र म्हणावं तशा सुरात "फिर ना बाई, फिर ना" असं चाललेलं. हे आमचे हे. गोपाळ गुरुजी. उज्जैनच्या राम घाटावर तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या पितरांना वाटेला लावणारा माणूस, आणि गेली चार वर्षं स्वतःच्या गाडीच्या जिवावर उठलेला.

मी सुलभा, ह्यांची बायको. शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मूर्खपणा मला लांबून दिसतो आणि सहन बिलकुल होत नाही. गुरुजींशी लग्न हा माझ्या वडिलांचा निर्णय. गुरुजींनी एसयूव्ही घ्यायची हा ह्यांचा. एका यजमानानं विकायला काढलेली जुनी, धिप्पाड गाडी, चारही चाकांना ताकद जाणारी. गल्लीतले लोक विचारायचे, "गुरुजी, इतनी बड़ी गाड़ी का क्या करोगे?" हे म्हणायचे, पावसाळ्यात तरान्याकडच्या खेड्यात जाऊन दाखवा, मग बोलू. ते मात्र खरं आहे. मालव्यातली काळी माती भिजली की पायातली चप्पल सोडत नाही, साधी गाडी काय सोडणार. आणि कुणाचं दहावं-तेरावं असलं की ह्यांना चिखल, पूर, ताप काही दिसत नाही. बोलावलं की पोचणार म्हणजे पोचणार. हा ह्यांचा एकच गुण, आणि ह्या गुणाची मला भीती वाटते.

गाडी पूर्वी जयंत बघायचा. जयंतचं गॅरेज टावर चौकाच्या मागे. हे दोघे पहिलीपासून एका बाकावर. ह्यांची आई लहानपणीच गेली, त्यामुळे हे अर्धं आयुष्य जयंतच्या घरी जेवले. जयंतची आई, दुर्गाकाकू, ह्यांना आधी वाढायची आणि जयंतला नंतर. जयंत ह्यांना "गोप्या" म्हणायचा, घाटावर यजमानांच्या देखत म्हणायचा. मी एकदा म्हटलं, जयंतराव, धंद्याच्या जागी तरी गुरुजी म्हणा. तर म्हणाला, "वहिनी, ह्यानं माझ्या वाटचं श्रीखंड चाटून खाल्लंय. गुरुजी कसं म्हणू?"

चार वर्षं झाली, दोघे एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी कोण? मी.

कोरोनाची दुसरी लाट होती. तुम्हाला आठवत असेल, मला तर विसरताच येत नाही. स्मशानात रांग लागलेली. बाकीचे गुरुजी दारं लावून बसले, आणि आमचे हे अंगावर रेनकोट घालून रोज जायचे. कोण कुठला, नाव-गोत्र काय, काही न बघता. ह्यांना शुगर. घाटावरचे दोन गुरुजी एकाच आठवड्यात कोरोनानं गेले. रोज संध्याकाळी हे अंगणात कपडे बदलायचे आणि मी खिडकीतून ह्यांचा खोकला मोजायची. एके सकाळी हे अंघोळीला गेले असताना ह्यांचा फोन वाजला. जयंत होता. "वहिनी, आई गेली हो. रात्री हॉस्पिटलातच. गोपाळला पाठवा."

मी म्हटलं, "ह्यांना ताप आहे. नाही येऊ शकणार."

जयंत म्हणाला, "बरं. काळजी घ्या त्याची." त्यानं फोन ठेवला आणि मी तो कॉल फोनमधून पुसून टाकला. ह्यांना ताप नव्हता. हे न्हाणीघरात मोठमोठ्यानं पुरुषसूक्त म्हणत होते.

लॉकडाउन होता, कोण गेलं, कोण राहिलं, गल्लीत पत्ता लागत नव्हता. ह्यांना कळलं ते पंधरा दिवसांनी, दूधवाल्याकडून. हे तसेच अनवाणी जयंतच्या फाटकाशी गेले, मागे मी. ह्यांनी विचारलं, "आईचं कोणी केलं?" जयंतनं ह्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. ठणठणीत माणूस, आजारातून उठल्याची खूण नाही. म्हणाला, "यूट्यूबनं केलं. बोलावलं की तो येतो."

त्या वेळी कुणीतरी एक साधा प्रश्न विचारला असता तर माझं बिंग तिथंच फुटलं असतं. पण दोघे पुरुष. विचारतील कशाला? ह्यांना वाटलं, जयंतनं आपल्याला बोलावलं नाही आणि वर आपल्या विद्येचा अपमान केला. जयंतला वाटलं, गोप्या घाबरला आणि तापाचं खोटं सांगून घरात बसला. हे वळले आणि घरी आले. मी पण आले. बोलले नाही. त्या दिवशी नाही बोलले, मग दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड झालं, आणि मग चार वर्षं गेली. खोटं बोलल्याबद्दल पाचवीतल्या पोराला मी बाकावर उभं करायची.

ह्यांनी सूड काय घेतला असेल? "तो माझं काम व्हिडिओ बघून करतो ना? मग मी त्याचं करीन." झालं. धोतर खोचून हा माणूस बॉनेटमध्ये शिरला. वायपर बदलले, ते पाऊस नसताना चालायचे आणि पाऊस आला की थांबायचे. हॉर्नचं काम केलं तर हॉर्न दोन तास बंद होईना, शेवटी शेजारच्या अपर्णानं फोनवर विचारलं की काकू, कुणाचं लग्न आहे का. दिवे नीट केले तर उजवा दिवा रस्त्यावर आणि डावा थेट अपर्णाच्या पहिल्या मजल्यावर. पण हार मानतील तर हे कसले. प्रत्येक वेळी गाडीखालून निघून, शेंडीला ग्रीस लागलेलं, म्हणायचे, "कोणाचं काही अडत नाही." कोणाचं म्हणजे कोणाचं, ते मला कळायचं.

तर त्या शुक्रवारचं सांगते. पितृपक्ष दोन दिवसांवर आलेला. पितृपक्ष म्हणजे ह्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, सकाळी घाट, दुपारी दोन-दोन खेडी. आणि गाडी खालून घरघर आवाज करत होती. व्हिडिओवाल्यानं सांगितलं, तेल बदला. इंजिनचं नाही. ह्या गाडीत आणखी तीन ठिकाणी तेल असतं: पुढच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्यात, मागच्या चाकांमधल्या गोळ्यात, त्यांना डिफरन्शियल म्हणतात, आणि मधोमध एका पेटीत, जी ताकद पुढे-मागे वाटून देते. ती ट्रान्सफर केस. प्रत्येकाला दोन बूच. खालचं बूच काढून जुनं तेल सोडायचं, वरच्या बुचातून नवं घालायचं. ह्यांनी फ्रीगंजच्या बाजारातून नव्वद नंबरचं गिअर ऑइल आणि पिचकारीसारखा हातपंप आणून ठेवला होता.

आता काम नऊला सुरू केलेलं आणि साडेदहाला राहुकाळ लागणार. नवं तेल राहुकाळात घालायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं. कोणत्या शास्त्रात लिहिलंय विचारलं तर म्हणे, शास्त्राला गाडी माहीत नव्हती, माहीत असती तर लिहिलं असतं. घाईघाईत ह्यांनी व्हिडिओची पहिली चार मिनिटं पुढे ढकलली. हेच गुरुजी, यजमान "संकल्प जरा थोडक्यात" म्हणाला तर त्याला उठवून लावतात. आणि त्या चार मिनिटांतच तो बिचारा ओरडून सांगत होता की आधी वरचं बूच उघडतंय का ते बघा, आणि ते उघडल्याशिवाय खालच्याला हात लावू नका.

ह्यांनी तिन्ही खालची बुचं काढली. मागचं तेल काळं आलं, पुढचं काळं आलं, आणि मधल्या पेटीतून माझ्या परातीत दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी पडलं. वास असा की विचारू नका. हे म्हणाले, "कसला गं हा वास?" मी म्हटलं, सडलेल्या अंड्याचा. "तुला कसा माहीत?" मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा.

मग वरची बुचं. पुढचं निघालं. मागचं निघालं. मधलं काही निघेना. ह्यांनी पाना लावला, पान्याला नळी लावून जोर लावला, आणि बुचाचं डोकं गोल होऊन पाना गरगर फिरायला लागला. खालून तेल सगळं गेलेलं, वरून घालायला वाट नाही. गाडी जागेवरून हलवली तर आतले गिअर कोरडे घासून संपणार. परवापासून पितृपक्ष. हे गाडीखाली उताणे पडून राहिले. मी वाकून बघितलं तर डोळे मिटलेले.

"जयंतला बोलावते," मी म्हटलं.

"मी मेलो तरी त्याला बोलवायचं नाही."

"मेल्यावर तर तुम्हाला कोणी विचारणारच नाही," मी म्हटलं आणि स्कूटी काढली.

उज्जैनमध्ये मेकॅनिक काय एकच आहे? आमच्याच रस्त्यावर तीन आहेत. पण मला निमित्त हवं होतं, आणि चार वर्षांत असं चांगलं निमित्त ह्यांनी पहिल्यांदाच दिलं होतं. गॅरेजमध्ये जयंत कुणाच्या तरी गाडीचं चाक काढून बसला होता. केस सगळे पांढरे झालेले. मला बघून उभा राहिला, हातातला पाना खाली पडला. म्हणाला, "वहिनी? गोपाळ बरा आहे ना?"

चार वर्षांनी पहिलं वाक्य हे. मला तिथंच जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. मी म्हटलं, बरे आहेत, ट्रान्सफर केसचं बूच अडकलंय. त्याचा चेहरा परत बंद झाला. "खालचं आधी काढलं ना?" मी मान हलवली. "गाढव आहे," तो म्हणाला आणि हत्यारांची पेटी उचलली.

अंगणात आल्यावर नाटक सुरू झालं. हे गाडीच्या ह्या बाजूला, तो त्या बाजूला, आणि मध्ये मी.

"वहिनी, गुरुजींना म्हणावं, पाना कुठला लावला होता?"

"सुलभा, त्यांना सांग, जो बसला तो."

"विचारा, हातोडीनं ठोकायचं सुचलं नाही का?"

"सांग, आम्ही ब्राह्मण आहोत, लोहार नाही."

"मग खाली काय मंत्र म्हणायला गेला होता?"

जयंत खाली सरकला. गोल झालेल्या बुचावर जराशी लहान गोटी ठेवून त्यानं ती हातोडीनं ठोकून घट्ट बसवली. गोटी म्हणजे पान्याच्या टोकाला लावायची लोखंडी वाटी. मग कडेनं गंज सोडवायचं तेल फवारलं आणि बाहेर आला. "वीस मिनिटं मुरू दे. आता जोर लावला तर तुटेल."

वीस मिनिटं. हे तुळशीच्या कट्ट्यावर बसले, तो पायरीवर. मी चहा आणला, दोघांनी घेतला, कुणी कुणाकडे बघितलं नाही. जयंतनं परातीतलं ते पांढुरकं तेल बोटावर घेतलं. "ह्यात पाणी गेलंय. वहिनी, विचारा, गाडी पाण्यात कुठे घातली होती?"

"सांग, श्रावणात. कायथा गावाच्या पुढे नाल्याच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. पलीकडच्या गावात एक म्हातारी गेली होती."

"ओळखीची?"

"नाही."

जयंत हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "हां. अनोळखी म्हातारी असली की गाडी पाण्यात घालतात."

हे ताडकन् उठले. पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणायचंय तुला?"

आता सगळं बाहेर येणार. आता तो फोनचं सांगणार. जयंतनं तोंड उघडलं, परत मिटलं, आणि कप खाली ठेवला. "काही नाही. जाऊ दे." आणि हे लगेच बसले. "जाऊ दे तर जाऊ दे."

बघितलंत? पुन्हा सोडून दिलं. मी गप्प राहिले असते तर दहा मिनिटांत बूच निघालं असतं, तेल भरलं असतं, जयंत गेला असता आणि मी सुटले असते. पण जयंतनं कप खाली ठेवला तो न बघता, थेट परातीतल्या तेलात. ज्या माणसानं एवढी इंजिनं उघडली त्यानं.

मी म्हटलं, "फोन मी घेतला होता."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. सकाळ, न्हाणीघर, ताप, कॉल पुसला ते. शाळेत फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं एक-एक पायरी सांगितली, नाहीतर मला बोलताच आलं नसतं. मग म्हटलं, "जयंतराव, ह्यांना काहीच माहीत नव्हतं. ह्यांना तापही नव्हता आणि हे घाबरलेही नव्हते. घाबरले होते ती मी."

हे माझ्याकडे असे बघत होते की मी कुणी दुसरीच बाई आहे. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात."

"गेलोच असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

जयंत पायरीवर बसून आपल्या हातांकडे बघत होता. मग हळूहळू सांगायला लागला, आम्हाला नाही, अंगणातल्या फरशीला. "फोन विटेला टेकवून ठेवला होता, गोप्या. तो सांगत होता तसं करत होतो. तीळ घ्या, घेतले. पाणी सोडा, सोडलं. आणि मध्येच साबणाची जाहिरात आली. माझ्या ओंजळीत आईचं पाणी, आणि ती बाई केस... नाही, तोंड धुतेय. पाच सेकंद थांबल्याशिवाय बंद करता येत नाही ती. हात मोकळा नाही, बंद तरी कशी करू? पूर्ण बघितली."

हे रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे, तेलकट हात तोंडावर घेऊन, अन् मग तेलाच्या वासानं ठसका लागून आणखी रडले. म्हणत होते, "आई माझीपण होती रे, आई माझीपण होती." मग माझ्याकडे वळून ओरडले, "तू मला विचारायला हवं होतंस! जायचं की नाही ते मी ठरवलं असतं! जास्तीत जास्त काय झालं असतं?"

जयंत उठला, गाडीकडे गेला, खाली सरकायच्या आधी थांबला. म्हणाला, "जास्तीत जास्त? महिन्याभरात विटेला फोन टेकवून मी तुझंही केलं असतं, गोप्या. ती साबणवाली बाई मला दुसऱ्यांदा बघवली नसती."

तो खाली सरकला. खालून हातोडीचे दोन ठोके आले, मग कर्र असा आवाज, आणि बूच निघालं. हे धोतर सावरत दुसऱ्या बाजूनं खाली शिरले. पंपानं तेल भरायला लागले. जयंत सांगत होता, "हळू, हळू, भोकातून बाहेर यायला लागलं की थांबायचं, आतलं माप तेवढंच असतं." हे म्हणाले, "कळतं मला, व्हिडिओ बघितलाय." "अर्धा बघितलायस, साल्या." अकरा वाजले होते. ऐन राहुकाळ. घड्याळाकडे कुणी बघितलं नाही आणि मीही आठवण केली नाही.

सर्वपित्रीला राम घाटावर जयंत ह्यांच्यासमोर बसला आणि दुर्गाकाकूंचं सगळं यथासांग झालं, एक शब्द थोडक्यात न करता. दोघांच्या हातांचा तो तेलाचा वास तोवरही गेलेला नव्हता. जयंत आता रोज संध्याकाळी येतो, गाडी तपासतो, ह्यांना शिव्या देतो. मला त्यानं त्याच दिवशी माफ केलं. म्हणाला, वहिनी, तुमच्या जागी माझी बायको असती तर तिनंही हेच केलं असतं.

ह्यांनी मात्र नाही केलं. जेवतात, बोलतात, शुगरची गोळी दिली की घेतात, पण मध्येच घास हातात धरून थांबतात आणि म्हणतात, "तो तिथे एकटा बसला होता, सुलभा." परवा मला पण राग आला. मी म्हटलं, ऐकून घ्या, उद्या तसेच दिवस आले आणि तसाच फोन आला, तर मी पुन्हा खोटंच सांगीन, तुम्हाला पाठवणार नाही म्हणजे नाही. फक्त या वेळी तुम्हाला घरात कोंडीन, बाहेरून कडी लावीन, आणि त्याच्याजवळ जाऊन मी बसेन.